रागावलेलं माणूस पाहिजे

४ जानेवारी

दादा,

"आधी नमस्कार लिही" म्हणून आई डोक्याशी उभी आहे, तेव्हा लिहिला. पोचला असं समज. तू फोन उचलत नाहीस, निरोपांना उत्तर देत नाहीस, पण पत्र वाचशील याची मला खात्री आहे. लहानपणी माझ्या नावावर आलेली पत्रंसुद्धा तूच आधी फोडायचास.

बातमी अशी की ठिणगीचं लग्न ठरलं. हो, तीच. कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी, आपल्या स्वयंपाकघरात पाय पसरून आईच्या हातचं जेवणारी, आणि तुझ्याशी लग्न ठरवून, हॉल घेतल्यावर, पत्रिका वाटून झाल्यावर पसार झालेली. "मी हे लग्न करत नाही. कारण काय ते तुमच्या मुलाला माहीत आहे." एवढा एक निरोप! तू तेव्हा म्हणालास, मला कसलं कारण माहीत असणार? आम्हाला तर काहीच माहीत नव्हतं. लोकांना मात्र सगळं माहीत होतं. मुलातच काहीतरी खोट असणार, असं आईच्या तोंडावर येऊन सांगून गेले.

नवरा आपल्यातला नाही. भाषा वेगळी, देव वेगळा, रीतभात वेगळी. लिफ्ट दुरुस्त करतो. आई म्हणाली, "बरोबर आहे, माणसांना वर चढवून खाली सोडायची सवय आहेच तिला." आईला कितीतरी दिवसांनी विनोद सुचला, म्हणून मी हसून घेतलं.

तर मला आमंत्रण आलंय आणि मी जाणार आहे. माझं डोकं फिरलंय असं आईला वाटतंय. फिरलंच आहे. बाबांचा हात आता इतका कापतो की काच घासायची, कड लावायची, चष्म्याच्या फ्रेममध्ये बसवायची, सगळं माझ्याकडे आलंय. सकाळी शटर वर, संध्याकाळी शटर खाली, मधे लोकांची नाकं. मी कृत्रिम डोळे रंगवायला शिकणार होते, आठवतं तरी का तुला? त्या मोठ्या रुग्णालयात मी त्या शिक्षणासाठी अर्ज केला होता आणि ठिणगीने तपासणी विभागात नोकरीसाठी. मुलाखतीतल्या बाईंनी माझी बुबुळांची चित्रं खिडकीपाशी नेऊन बघितली होती. आणि मग बोलावणं आलंच नाही, दोघींनाही नाही. मी विचारायला निघाले तर तू म्हणालास, "जाऊन हात पसरू नकोस, आपल्या घराची काही इज्जत आहे." बरं म्हटलं. पुढच्या वर्षी दुसरीकडे अर्ज करू, दुकान तर दादाच बघणार आहे. पण ती पळाली, लाजेपायी तू गाव सोडलंस आणि मी काउंटरच्या मागे जी अडकले ती अडकलेच. एका बाईने आपल्या दोघांचं वाटोळं केलं, दादा.

तिथे जाऊन काय करीन ते अजून ठरलेलं नाही. पण तिचं तोंड उतरलेलं बघितल्याशिवाय मी परत यायची नाही.

तुझी,
बारकी

१३ जानेवारी

दादा,

देव पावला! खरंच पावला, आणि तोही दुकानाच्या फोनवर.

एका आजोबांच्या कानामागची काडी वाकवत होते, तेवढ्यात घंटी वाजली. पलीकडे एक बाई. आपली भाषा बोलते, पण नट-बोल्ट सुटल्यासारखी.

"तू ती चष्मा मुलगी?"

"हो. आपण?"

"मी नवऱ्याची आत्या. तू आमच्या नवरीवर रागावला आहे?"

आता काय सांगायचं? म्हटलं, जे होईल ते होवो. "आहे," म्हटलं.

"खूप?"

"तिचं नाव काढलं की माझा घास अडकतो."

"छान! छान!" अशा आवाजात म्हणाली, जणू मी शाळेत पहिलीच आले. मग तिने सगळं समजावून सांगितलं. ही आत्या आपल्या लोकांत पुष्कळ वर्षं नर्स होती, म्हणून तिला भाषा येते. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दुपारी सगळे एका खोलीत जमतात. नवऱ्यावर किंवा नवरीवर कुणाची काही तक्रार असेल तर ती तिथे सगळ्यांसमोर मांडायची. मागाहून जन्मात ती काढायची नाही. ज्याच्यावर तक्रार, त्याने स्वतः तोंड उघडायचं नाही, त्याच्या वतीने एकच माणूस उत्तर देणार. आणि हे माणूस कसं पाहिजे? नात्यातलं नको, लाडकं नको, रागावलेलं पाहिजे! लाडकं माणूस खोटं बोलतं, असं आत्याचं म्हणणं. रागावलेल्यानेही बाजू घेतली, तर मग पुढे कुणाची बोट दाखवायची छाती होत नाही. ठिणगीला विचारलं तर तिने एका दमात माझं नाव सांगितलं.

मी विचारलं, "आणि रागावलेलं माणूस गप्पच बसलं तर?"

"मग लग्न नाही. तक्रार मिटेल, मग बघू."

आजोबा कान चोळत बसले होते, मी काडी कुठल्या कुठे वाकवून ठेवली होती.

कळलं का दादा? मला काही करायचंच नाही. नुसतं गप्प बसायचं. तिने आपला हॉल रिकामा ठेवला, मी तिचा ठेवते. फक्त एक अडचण आहे. उत्तर देणाऱ्याने स्वतः तक्रार करायची नाही, असा नियम आहे. ती दुसऱ्या कुणीतरी करायला हवी. मग तुझ्यापेक्षा मोठा हक्क कुणाचा? तक्रार करणारा हजर नसला तरी चालतं, फोनवर सांगितलं तरी घेतात. आत्याचा नंबर खाली लिहिला आहे. एवढं एक काम कर. मनात जे जे साचलंय ते सगळं ओक, काही मागे ठेवू नकोस. पुढचं तुझी बहीण बघून घेईल.

तुझी,
बारकी

२ फेब्रुवारी, सकाळी

दादा,

तू फोन केलास! आत्याने सांगितलं, एक तक्रार बाहेरून आली आहे म्हणून. काय सांगितलंस ते ती दुपारपर्यंत कुणाला सांगणार नाही. तू माझं ऐकलंस, मला फार बरं वाटलं.

हॉल एका फर्निचरच्या दुकानावर आहे. जिन्यात पॉलिशचा वास, वर घडीच्या खुर्च्या आणि बाजूला एक खोली. त्या खोलीत आज सकाळी मला आणि ठिणगीला आत घालून बाहेरून कडी लावली. हाही नियमच. कोण काय तक्रार करू शकेल ते नवरीने उत्तर देणाऱ्याला आधी सांगायचं, काही लपवायचं नाही. ती स्वतःच्या कपड्यांना इस्त्री करत होती. जाड झालीय. मला बघून हसली नाही ते बरं केलं. हसली असती तर मी इस्त्रीच उचलली असती.

आता ती काय म्हणाली ते ऐक आणि शांतपणे ऐक. ती म्हणते, बोलावणं येणारच होतं, मला आणि तिलाही. आमची दोघींची निवड झाली होती. ती म्हणते, तू रुग्णालयात फोन केलास आणि दोघींची नावं काढायला लावलीस. बोलावणं येईना म्हणून ती स्वतः तिथे विचारायला गेली होती म्हणे, तेव्हा त्या मुलाखतीतल्या बाई तिला म्हणाल्या, "तुमच्या घरून फोन आला होता ना? एक सून होणार आहे, एक दुकानात बसणार आहे." त्याच दिवशी तिने आपल्या घरी तो निरोप पाठवला.

चोराच्या उलट्या बोंबा! मी तिला खोटारडी म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. म्हटलं, स्वतः पळालीस आणि आता माझ्या भावाच्या अंगावर शेण टाकतेस? ती म्हणाली, "मी तुला सांगायला दुकानात आले होते. तू शटर ओढलंस." हो, ओढलं होतं. पुन्हाही ओढीन.

दादा, तू असा फोन केला नव्हतास ना? विचारते आहे म्हणून रागावू नकोस. मला ठाऊक आहे, नव्हताच केलास. तरी उत्तर पाठव.

दुपारी मी तोंडाला कुलूप लावून बसणार आहे.

बारकी

३ फेब्रुवारी

दादा,

उत्तर पाठवायची तसदी घेऊ नकोस. मिळालं.

खोलीत सगळे भिंतीला पाठ लावून बसले होते. मधे दोन खुर्च्या, नवऱ्याची आणि नवरीची. तक्रारी संपेपर्यंत कुणी पाणीसुद्धा पीत नाही. आधी नवऱ्याच्या झाल्या. त्याच्या घरमालकिणीची तक्रार ही की हा गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि हिच्या इमारतीची महिनोन्महिने बंद. एका चुलत भावाची तक्रार शिडीची, नेली ती परत दिली नाही. त्याच्या वतीने उत्तर द्यायला त्याचा जुना भागीदार होता, त्याच्याशी कोर्टकचेरी चालू असलेला. तो उठून म्हणाला, शिडी माझ्याकडे आहे, हा चोर नाही, चोर मी आहे. सगळे हसले. आत्या मला प्रत्येक वाक्य आपल्या भाषेत सांगत होती, म्हणून मीही हसले. मनात म्हटलं, हसून घ्या, आता माझी पाळी आहे.

मग ठिणगीची पाळी आली. आत्या मधे उभी राहिली आणि डोळे मिटले. त्यांच्यात बाहेरून आलेली तक्रार ऐकली तशी सगळीच्या सगळी सांगायची असते. एक शब्द गाळायचा नाही, आपला घालायचा नाही. तू हे तिला विचारायला हवं होतंस, दादा. मीही विचारलं नव्हतं.

आधी तिने त्यांच्या भाषेत सांगितलं. खोलीत हळूहळू सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, चला, तक्रार बसली वर्मी. मग ती माझ्याकडे वळली आणि आपल्या भाषेत म्हणाली:

"फोनवर एक माणूस. तो म्हणतो, ही माझ्याशी लग्न ठरवून पळाली. तो म्हणतो, मी हिच्यासाठी खूप केलं. ही लांब नोकरी जाणार होती. मी रुग्णालयात फोन केला, सोडवली. घराची सून घरात पाहिजे. माझ्या बहिणीची जागा पण सोडवली. वडिलांचं दुकान कोण बघणार? मी आयुष्यभर चष्मे विकणार नव्हतो. बहीण काही बोलली नाही, तिला कळलं पण नाही. ही मात्र उपकार विसरली."

आत्या थांबली. तिच्या तोंडावरून दिसत होतं, तिला इथेच थांबायचं होतं. पण नियम म्हणजे नियम.

"शेवटी तो म्हणतो, हे माझ्या बहिणीला सांगू नका. ती साधी आहे."

साधी! दादा, तू दुसरं काहीही म्हणाला असतास ना, मूर्ख, भांडखोर, अगदी लोढणं म्हणाला असतास, तरी कदाचित मी अजून तुझ्यासाठी काहीतरी सबब शोधत बसले असते. मी तुझ्यासाठी इतक्या लांब आले होते. तू गेल्यावर आईने अंथरूण धरलं, तुझ्यासाठी तिच्या उशाशी बसले. तुझ्यासाठी एका मैत्रिणीला भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, निर्लज्ज म्हटलं. आणि तू लाजेने गेलाच नव्हतास. तुला जायचंच होतं. फक्त त्या खुर्चीत कुणीतरी हवं होतं, तर मला बसवून गेलास. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते हेच.

ठिणगी खाली बघत होती, तिला तोंड उघडायची मुभा नव्हती. तिचा नवरा माझ्याकडे बघत होता, बिचारा, त्याचं लग्न माझ्या जिभेवर होतं. आत्या म्हणाली, "तू उत्तर देतो, की गप्प?"

मी उठले. म्हटलं, "मी हिच्यावर रागावले आहे. अजूनही आहे. हिने शटर ठोकून, बोंबलून मला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. पण ही तक्रार खोटी आहे. ती करणारा माझा सख्खा भाऊ आहे. हिने लग्न मोडलं ते बरोबर केलं. मी तिच्या जागी असते तर एक निरोपसुद्धा पाठवला नसता. करा हिला सून, बिनघोर करा. आणि आता माझी तक्रार घ्या. त्या माणसावर."

आत्याने ते सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं. मग मान हलवली. "तुझी तक्रार आम्ही घेत नाही. तो या खोलीत नाही. तक्रार करणारा नसला तर चालतं. ज्याच्यावर आहे, तो पाहिजे."

"मग मी काय करू?"

"घरी घेऊन जा," म्हणाली. "आणि लवकर सांग. जुनी झाली की माणूस स्वतःच माफ करून टाकतो."

खोलीतून बाहेर आल्यावर ठिणगीने मला पाणी दिलं. मी म्हटलं, "तू इतके दिवस हे मनात ठेवलंस?" ती म्हणाली, "तू ऐकलं असतंस? खरं सांग." मी पाणी पिऊन घेतलं. मग ती म्हणाली, "रागावलेलं माणूस पाहिजे म्हणाले, तेव्हा मी आनंदाने उडाले. म्हटलं, आता तर हिला यावंच लागेल, कडी लावून आत बसावंच लागेल." लबाड आहे. पहिल्यापासूनच होती. मी तिला एक धपाटा घातला, मग आम्ही रडलो, आणि मग तिच्या सासूने येऊन आम्हाला जेवायला ओढून नेलं.

लग्न आज झालं. हॉलची लिफ्ट ऐन वेळी अडकली आणि नवरदेव नव्या कपड्यांच्या बाह्या वर करून पळाला. लोक टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. पण लक्ष लागेना. माझ्या डोक्यात तूच होतास.

मी उद्या निघते.

२१ फेब्रुवारी

दादा,

कितीतरी महिन्यांनी तुझा फोन आला! आणि आल्या आल्या काय, तर "घरात कशाला सांगितलंस?" मी केलं ते चूक होतं, असं एकदाही तोंडातून निघालं नाही. तुझ्या भल्यासाठी केलं म्हणालास. भलं माझं होतं, तर मला लपवून का केलंस?

घरात काय झालं ते ऐक. आई आधी तुझ्याच बाजूने. "अगं, मोठा आहे तो, घराचा विचार केला असेल." बाबांनी हातातला चष्मा खाली ठेवला आणि म्हणाले, "मला तर तो सांगत होता की बारकीलाच जायचं नाही. तिला दुकानाची आवड आहे म्हणाला. मी म्हटलं, पोर गुणाची आहे." मग आईनेही तुझी बाजू सोडली. त्या दिवशी संध्याकाळी बाबांनी स्वतः शटर ओढलं, कापत्या हातांनी, मला हात लावू दिला नाही.

मी रुग्णालयात जाऊन आले. त्या बाई अजून तिथेच आहेत, केस पांढरे झालेत. त्या शिक्षणाचं वय माझं गेलं म्हणाल्या, नियमात बसत नाही. मी म्हटलं, मला नियमात बसवू नका, कोपऱ्यात बसवा. त्या हसल्या नाहीत, पण सोमवारपासून ये म्हणाल्या. आधी साचे धुवायचे, मग काय ते बघू. म्हणजे सोमवारपासून आपल्या दुकानात कुणी नाही. बाबांना एकट्याने जमायचं नाही, हे तुलाही कळतं.

तेव्हा एक फोन मी करून टाकला.

बढती मिळाल्यावर तू बाबांना तुझं कार्ड पाठवलं होतंस ना, ते त्यांनी देवापाशी ठेवलं होतं. त्यावरच्या नंबरवर केला. तुझ्या साहेबांनीच उचलला. फार सज्जन माणूस वाटला. मी म्हटलं, नमस्कार, मी त्याची धाकटी बहीण बोलते. आमच्या वडिलांना आता होत नाही, दादाला घरचं दुकान सांभाळायचं आहे. तो नोकरी सोडतोय, उद्यापासून येणार नाही. साहेब चक्रावले. म्हणाले, "पण तो स्वतः काही बोलला नाही!" मी म्हटलं, "आमच्या घरात अशीच पद्धत आहे, साहेब. एकाची नोकरी सोडायची असली की दुसरा फोन करतो." त्यांनी विचारलं, त्याला सांगू का, तुमचा फोन आला होता म्हणून? मी म्हटलं, नको, तो साधा आहे.

त्यांनी सहानुभूती दाखवली. त्या जागेवर यायला दोघेतिघे टपून बसलेत, तेव्हा काळजी करू नका, असंही म्हणाले.

आता तू पळत जाशील आणि म्हणशील, मी असं काही सांगितलंच नव्हतं, मला विचारलंसुद्धा नाही. म्हणून बघ. ठिणगीही त्या बाईंना अगदी हेच म्हणाली होती. तोवर जागा भरली होती.

किल्ली शेजारच्या शिंप्याकडे ठेवली आहे.

बारकी